‘आळशी डोळा’वाल्या फॉरवर्डला माझं उत्तर

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, फॅमिली ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या पालकांचा ग्रुप, सगळीकडे तोच. मजकूर साधारण असा: लहान मुलांचा तिरळेपणा वाढत्या वयात आपोआप जातो आणि तो लकी पण असतो, आळशी डोळा म्हणजे डोळ्याची नस कमजोर, बदाम-गाजर आणि डोळे गरगर फिरवायचे व्यायाम केले की चष्मा सुटतो, पट्टी लावून चांगला डोळा बिघडवतात, तिरळेपणाचं ऑपरेशन नुसतं दिसण्यासाठी असतं, आणि सात वर्षांनंतर कशाचाच उपयोग नाही. म्हणजे आधी थांबा म्हणायचं आणि मग उशीर झाला म्हणायचं, वर ‘जनहितार्थ’ लिहून मोकळे.

‘आपोआप जातो’ हे अर्धवट खरंय म्हणूनच जास्त घातक आहे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे पळतात, ते नॉर्मल. काही बाळांचं नाक बसकं असतं आणि नाकाजवळ कातडीची घडी असते त्यामुळे डोळे नुसते तिरळे भासतात, मोठेपणी चेहरा बदलला की ते भासणं जातं आणि घरचे सांगत सुटतात की आमच्याकडे आपोआप गेलं. पण चार महिन्यांनंतरही डोळा वळलेलाच राहत असेल तर थांबायचं नाही, कारण कधी कधी त्यामागे मोतीबिंदू असतो, क्वचित रेटिनोब्लास्टोमा म्हणजे पडद्याचा कॅन्सर असतो. फोटोत बाहुली पांढरी चमकत असेल तर आठवडाभर सुद्धा वाट बघू नका. लकी-बिकीवर मी शब्द खर्च करत नाही.

आता नसेचा मुद्दा, सगळा घोळ इथेच आहे. आळशी डोळा म्हणजे लहानपणी नीट वापर न झाल्याने नजरेत मागे पडलेला डोळा. त्यात बहुतेक वेळा डोळा, पडदा, नस सगळं तपासणीत ठीक असतं, बिघाड असतो डोक्याच्या मागच्या भागात, व्हिज्युअल कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बघण्याचं काम करणाऱ्या भागात. तिथे दोन डोळ्यांकडून येणाऱ्या माहितीचे आलटून पालटून पट्टे असतात, माणसात एकेक पट्टा जेमतेम मिलिमीटरभर रुंद. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल या शास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात मांजरीच्या पिल्लांची एक पापणी शिवून ठेवली आणि दोन-तीन महिन्यांनी उघडली, तर कॉर्टेक्समधल्या जवळजवळ सगळ्या पेशी फक्त दुसऱ्या डोळ्यालाच दाद देत होत्या. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला तर काही फरक नाही! मग त्यांनी पिल्लांच्या डोळ्याचा एक स्नायू कापून मुद्दाम तिरळेपणा आणला, डोळे दोन्ही उघडे, प्रकाश दोन्हींत, तरी दोन्ही डोळ्यांना दाद देणाऱ्या पेशी साधारण 80 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आल्या. डोळ्यांचा मेळ बसला नाही की त्या पेशींकडची एका डोळ्याची जोडणी टिकत नाही. 1981 चं नोबेल त्यांच्या दृष्टीवरच्या कामालाच मिळालंय.

मुलांत हेच होतं. डोळे दोन दिशांना असले की दोन चित्रं येतात, डबल दिसू नये म्हणून लहान मेंदू एक चित्र दाबून टाकतो, आणि सतत एकाच डोळ्याचं दाबलं तर तो डोळा मागे पडतो. ज्या मुलांचे डोळे आलटून पालटून वळतात त्यांची नजर दोन्हीकडे चांगली राहते पण खोलीचा अंदाज, थ्रीडी, ते बहुतेक वेळा जातं. आणि एक प्रकार तर बाहेरून दिसतच नाही, दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक, डोळे अगदी सरळ, मूल टीव्ही-अभ्यास सगळं एका डोळ्यावर निभावतं, पत्ता लागतो थेट लायसन्स किंवा भरतीच्या मेडिकलला. म्हणून तपासणी एकेक डोळा झाकूनच झाली पाहिजे.

मग बदाम-गाजर कुठे लागू पडणार? खा, चांगलंच आहे, पण दाबलेलं चित्र त्याने वर येत नाही. व्यायामांचं म्हणाल तर जवळ बघताना डोळे आत वळवायला त्रास होतो अशा एका वेगळ्या तक्रारीत ठराविक व्यायाम खरंच चालतात, ते उचलून सगळीकडे चिकटवलंय. उलट इथे चष्मा हाच पहिला उपचार, नंबरामुळे आलेल्या आळशी डोळ्यात काही मुलं निव्वळ चष्म्यावर पूर्ण सुधारतात आणि हे फॉरवर्डवाले तोच काढायला सांगतायत.

पट्टी चांगल्या डोळ्यावर लावतात, म्हणजे मेंदूला आळशी डोळा वापरावाच लागतो. मग पट्टीने चांगला डोळा बिघडतो का? दिवसभर बांधून महिनोन्महिने तपासायलाच नेलं नाही तर नजर कमी होऊ शकते, म्हणून तर फॉलोअप असतो. पण मध्यम आळशी डोळ्यात रोज दोन तास पट्टी आणि सहा तास पट्टी यांचा परिणाम सारखाच निघाला, अमेरिकेतली 2003 ची चाचणी आहे. पट्टीला मूल अजिबात ऐकत नसेल तर चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचे थेंब, ज्याने त्याला तात्पुरतं धूसर दिसतं, हा पर्यायही आहे.

सात वर्षांचं बंधन तर जुनंच झालंय. 2005 च्या चाचणीत 7 ते 12 वयाच्या मुलांत चष्म्याबरोबर पट्टी-थेंब दिल्यावर 53 टक्के मुलांची नजर अक्षरांच्या तक्त्यावर निदान दोन ओळींनी सुधारली, नुसत्या चष्म्यावर 25 टक्के. 13 ते 17 मध्ये, आधी कधीच उपचार न झालेल्यांत, 47 विरुद्ध 20. सगळे 6/6 वर आले असं नाही हं, आणि लवकर सुरू केलं तर फायदा जास्त हेही खरं. तिरळेपणाच्या बाबतीत सुझन बॅरी या न्यूरोबायोलॉजिस्ट बाईंना लहानपणी तीन ऑपरेशनं होऊनही थ्रीडी दिसत नव्हतं, ते व्हिजन थेरपीनंतर, म्हणजे दोन्ही डोळे एकत्र वापरायच्या खास सरावानंतर, वयाच्या 48 व्या वर्षी दिसायला लागलं. अपवाद आहे, पण दार कायमचं बंद होतं म्हणणाऱ्यांना पुरेसा आहे.

राहिलं ऑपरेशन. ते स्नायू हलवून डोळे एका रेषेत आणतं, मेंदूची दाबायची सवय तेवढ्याने मोडत नाही, म्हणून ‘ऑपरेशन झालं, आता पट्टी बंद’ हे चूक. पण नुसतं दिसण्यापुरतंही नाही, जन्मानंतर लवकर आलेल्या तिरळेपणात दोन वर्षांच्या आत केलं तर दोन्ही डोळे थोडेफार एकत्र चालायची शक्यता वाढते, आणि आत वळलेल्या डोळ्याच्या मोठ्या माणसांत बाजूचं दिसायचं क्षेत्र वाढतं. आणि मोठेपणी अचानक डोळा वळून डबल दिसायला लागलं, तर ती लहानपणीची केसच नाही, तिथे मेंदू चित्र दाबत नाही, डायबेटिसपासून मेंदूतल्या गाठीपर्यंत काहीही कारण असू शकतं, त्याच दिवशी दाखवा.