मॅम, बेडखाली दाखवा

शनिवारी सकाळी दहा वाजता, नव्या नोकरीच्या ऑनलाइन मुलाखतीत, मी लॅपटॉप आरतीच्या ताटासारखा दोन्ही हातांत धरून आमच्याच बेडरूममध्ये गोल फिरत होते. "लेफ्टला जरा, मॅम. हां. आता टेबलखाली. आता बेडखाली."

बेडखाली! तिथे दोन सूटकेसेस, पापडांचा डबा आणि 2018 ला बंदी आल्यापासून लावता येत नाही पण टाकवतही नाही असं थर्मोकोलचं मखर. अकरा वर्षांच्या अनुभवानंतर माझ्या करिअरची तिसरी राउंड ही, की एका अनोळखी मुलाला आमचं मखर दाखवायचं. त्याचा स्वतःचा कॅमेरा बंद, हे वेगळं सांगायला नकोच. "बँडविड्थ इश्यू आहे, मॅम."

मग म्हणतो, उत्तर देताना डोळे मिटा. म्हणजे मी कुठल्या एआयचं उत्तर वाचत नाहीये याची त्याला खात्री. मिटले. काय करणार? डोळे मिटून मी मायक्रोसर्व्हिसेसवर बोलतेय, रामरक्षा म्हणत बसल्यासारखी, आणि दार वाजलं. "अगं, लिंबू पिळू का पोह्यांवर?"

स्क्रीनवर लाल पट्टी. दुसरी व्यक्ती आढळली.

"मॅम, रूममध्ये कोण आहे?"
"आई आहे माझी."
"त्यांना बाहेर जायला सांगा प्लीज. आणि रूम परत एकदा दाखवाल?"

आमची आई जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिक्षिका होती. बोर्डाच्या परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून उभी राहिली की आख्ख्या वर्गाच्या बाह्यांतल्या चिठ्ठ्या घामानं भिजायच्या. तिच्यावर कॉपी पुरवल्याचा संशय! ती मुकाट बाहेर गेली आणि पोहेही गेले. मी पुन्हा मखर दाखवलं.

आणि एवढी झडती घेऊन प्रश्न काय, तर पावसाचं पाणी. आयटीवाल्यांनी ओळखलंच असेल. वेगवेगळ्या उंचीच्या भिंती, मध्ये किती पाणी साठेल, ओ ऑफ एन मध्ये सांगा, म्हणजे भिंती जितक्या वाढतील तितकंच काम वाढेल अशा पद्धतीनं. अरे बाबा, मी रोज वाकडहून हिंजवडी फेज टूला जाते. पाणी कुठे साठतं, किती साठतं आणि त्यात स्कूटरचा सायलेन्सर बुडतो की नाही, हे मला कुठल्याही अल्गोरिदमशिवाय सांगता येतं. पंचेचाळीस मिनिटांतली वीस खोली दाखवण्यात गेली, उरलेल्या पंचवीसमध्ये दोन पॉइंटर, म्हणजे दोन खुणा, दोन बाजूंनी आत आणायचे ते डोक्यात येईपर्यंत "वी आर ॲट टाइम, मॅम".

त्यानं काय विचारलं नाही ते सांगते. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे या सर्व्हरवर नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेचं भगदाड सापडलं तेव्हा तू काय करत होतीस, हे नाही विचारलं. मी झोपत नव्हते, हे करत होते! सगळीकडे त्याची दुरुस्त आवृत्ती 2.15 चढवून जरा पाठ टेकावी तर 2.16 आलं, ते चढवलं तर 2.17. दहा-बारा दिवसांत तीन वेळा तेच सगळे सर्व्हर, आणि प्रत्येक वेळी क्लाएंटचा एकच मेल, "आर वी सेफ नाऊ?" ते काम होतं. पण ते दोन पॉइंटरमध्ये बसत नाही.

बरं, नोकरी बदलायची तरी का? कारण इथे राहिलं तर पगार वाढत नाही. ॲप्रेझलला मॅनेजर म्हणतो, तुझं रेटिंग फोरच आहे गं, पण बेल कर्व्हमध्ये, म्हणजे वरचे आकडे ठरावीक जणांनाच द्यायच्या हिशेबात, तू थ्री बसली. बसली! जणू मी स्वतःच जाऊन बसले. सीटीसीत, म्हणजे कंपनी सांगते त्या एकूण वार्षिक पगारात, ग्रॅच्युइटी दाखवतात, जी पाच वर्षं भरल्याशिवाय मिळत नाही, आणि पाच वर्षं एका जागी टिकलात तर पुढचा एचआर विचारतो, "कम्फर्ट झोन का?" नोटीस 90 दिवसांची, आणि समोरच्याला माणूस हवा 15 दिवसांत. आधी राजीनामा टाकून मग शोधलं तर, "सध्या ऑफर नाही का हातात?" नोव्हेंबरात अमेरिकेनं घड्याळ मागे घेतलं की आमचा साडेसहाचा कॉल साडेसातला. त्यांची सकाळ नवाचीच राहते, कुकर आमचा लांबतो. आणि जो प्राणी चॅटवर नुसतं "हाय" टाकून अर्धा तास गायब होतो, त्याला कोणत्या नरकात टाकावं यावर माझं संशोधन चालू आहे. यातलं काही नातेवाइकांना सांगायची सोय नाही. "तुम्हा आयटीवाल्यांना काय कमी," असं म्हणून काका प्रिंटर पुढे करतात.

दुपारी गार पोहे खाताना आईनं विचारलं, काय विचारत होता गं तो एवढं? मी लाईट बिलाच्या मागे भिंती काढून दाखवल्या. शून्य, एक, शून्य, दोन, एक, शून्य, एक, तीन, दोन, एक, दोन, एक. आईनं चष्मा लावला, मधले खड्डे बोटानं मोजले आणि म्हणाली, "सहा." बरोबर होतं. "एवढ्यासाठी मला बाहेर काढलं?"

इथवर माझा राग अगदी सोज्वळ होता. मग रात्री जुन्या फायली चाळताना माझी 2022 ची इंटरव्ह्यूची नोंदवही सापडली. तेव्हा पोरं तीन-तीन ऑफर खिशात घालून फिरत होती आणि मी दिवसाला चार-चार जणांची मुलाखत घेत होते. एका पानावर माझ्याच अक्षरात: "पावसाचं पाणी विचारलं. ब्रूट फोर्सपर्यंत (एकेक मोजत बसायची संथ पद्धत) आला, पुढे नाही. नऊ वर्षांचा अनुभव. बेसिक्स कच्चे. रिजेक्ट."

आणि उत्तर मी तेव्हा दुसऱ्या टॅबमध्ये उघडून ठेवलं होतं, हे मला स्वच्छ आठवतंय. कॅमेरासुद्धा बंद होता. बँडविड्थ.

सोमवारी अकरा वाजता मला कुणाचीतरी मुलाखत घ्यायची आहे, इन्व्हाइट आलंय. सोबत नवीन सूचनापत्रक, त्यात पहिलाच मुद्दा उमेदवाराला खोली दाखवायला सांगणे. ते मी सांगणार नाही, मरू दे. प्रश्न कोणता विचारायचा ते मात्र ठरत नाहीये. सध्या मला नीट तोंडपाठ असलेला एकच आहे.