पोलार्ड, टोबिन आणि पंगतीचे यजमानपण

‘स्पष्टवक्ता’ महोदय,

फ्रिट्झ पोलार्ड यांच्यावरील माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. ‘1921 साली ॲक्रन प्रोज संघाचे प्रशिक्षकपद एल्गी टोबिन आणि पोलार्ड या दोघांकडे मिळून होते, तेव्हा पोलार्ड यांना अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगमधले पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या पंगतीत बसून यजमानपण मिरवणे आहे,’ असे आपण लिहिता. वाक्य चुरचुरीत आहे यात शंका नाही, आणि ते लिहून झाल्यावर आपल्याला समाधान वाटले असणार हेही मी समजू शकतो.

आधी माझी चूक सांगून टाकतो. व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानदालनात, पोलार्ड यांचा समावेश 2005 साली झाला. मी 2004 लिहिले होते. हे दाखवून दिल्याबद्दल आभारी आहे.

आता पंगतीविषयी. पंगतीत कोणाला पाट मिळतो आणि कोणाला अंगणात थांबवतात, हे मराठी माणसाला सांगावे लागू नये. ज्यांच्यासाठी आपण ही उपमा वापरली, त्या पोलार्ड यांना अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या ॲक्रनमध्ये सामन्याआधी सहकाऱ्यांबरोबर कपडेसुद्धा बदलता येत नव्हते. संघाचे एक मालक फ्रँक नीड यांच्या सिगारच्या कारखान्यात ते तयार होत आणि तिथून त्यांना मोटारीने मैदानावर नेले जाई, असे त्यांनी स्वतःच पुढे मुलाखतीत सांगितले आहे. खाली पाडल्यावर प्रतिस्पर्धी मुद्दाम अंगावर कोसळत, म्हणून पाठीवर लोळून खिळ्यांच्या बुटांचे पाय वर धरण्याची सवय त्यांनी लावून घेतली होती. अशा माणसाबद्दल ‘मिरवणे’ हे क्रियापद आपल्याला सुचले, याचे मला मुद्द्यापेक्षा अधिक वाईट वाटले.

तरी मुद्द्याकडेही वळतो. आपल्या डोळ्यांसमोरचा मुख्य प्रशिक्षक म्हणजे कानांवर यंत्र लावून सीमारेषेवर येरझारा घालणारा गृहस्थ आहे. 1921 साली असा गृहस्थ अस्तित्वातच नव्हता, कारण सीमारेषेवरून खेळाडूंना सूचना देण्यास नियमाने बंदी होती आणि राष्ट्रीय लीगने ती 1944 साली उठवली. सामना सुरू झाला की डावपेच मैदानातल्या माणसांनीच ठरवायचे असत. मग जो खेळाडू चेंडू घेऊन धावतो आहे, ज्याने ब्राउन विद्यापीठाच्या संघात असताना 1916 च्या एकाच हंगामात येल आणि हार्वर्ड या दोघांनाही हरवण्यात मोठा वाटा उचलला, ज्याला फुटबॉलचे जाणकार वॉल्टर कॅम्प यांनी त्याच वर्षी आपल्या अखिल अमेरिकन संघात, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंच्या यादीत, घेतले, त्याला प्रशिक्षकपदात अर्धा हिशेब का द्यायचा? दोघे भाऊ मिळून शेत कसत असतील तर त्यांतला एक शेतकरी आणि दुसरा गडी, असे आपण म्हणतो काय?

हे मी पुस्तके वाचून सांगत नाही. शाळेच्या कबड्डी संघाचा मी दोन वर्षे कर्णधार होतो. स्पर्धेच्या अर्जावर प्रशिक्षक म्हणून चित्रकलेच्या सरांचे नाव असे, आणि ते सज्जन गृहस्थ सामना संपेपर्यंत सावलीत बसून असत. पुढची चढाई कोणी करायची, कोपऱ्यातल्या खेळाडूने पकडीला कधी जायचे, हे मी धापा टाकत ठरवत असे. पुढे पॉलिमरच्या शिक्षणासाठी ॲक्रनला गेलो आणि टायरच्या कारखान्यांच्या त्या गावात अकरा वर्षे काढली. तिथल्या हिवाळ्यात गोठलेल्या मैदानावरून नुसते चालत जाणेसुद्धा किती कठीण असते, हे मला ठाऊक आहे. आपण ओहायोला कधी गेला आहात की नाही, हे आपण लिहिलेले नाही. विचारण्याचा माझा अधिकारही नाही.

आपल्या प्रतिक्रियेतल्या उरलेल्या गोष्टींवर फार वेळ घालवत नाही. 1920 चे विजेतेपद ॲक्रनने मिळवले तेव्हा प्रशिक्षक एकटे टोबिन होते आणि त्यांचा माझ्या लेखात उल्लेखही नाही, अशी आपली तक्रार आहे. लेख टोबिन यांच्यावर नव्हता. आठ विजय, तीन बरोबरी, एकही पराभव नाही आणि संपूर्ण हंगामात प्रतिस्पर्ध्यांना मिळून केवळ 7 गुण, ही त्या वर्षीची कामगिरी मी संघाची म्हणून दिली होती आणि संघात पोलार्ड होतेच. 1921 साली, म्हणजे पोलार्ड प्रशिक्षक असताना, त्याच संघाला तीन पराभव पत्करावे लागले, हे आपण का काढले ते आपणच जाणोत.

या लीगला दुसरा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक मिळायला 1989 साल उजाडले आणि ते होते आर्ट शेल. पोलार्ड त्याआधी तीन वर्षे, 1986 मध्ये वारले. आपल्या व्याख्येप्रमाणे शेल हे दुसरे नव्हे, पहिलेच ठरतील. मग मधल्या अडुसष्ट वर्षांचे काय करायचे, ते आपण आपल्या पुढच्या प्रतिक्रियेत सवडीने, आणि जमल्यास उपमा न देता, लिहावे.

2005 ही दुरुस्ती मूळ लेखात आज केली आहे. ‘मुख्य प्रशिक्षक’ हे शब्द जिथे होते तिथेच आहेत.