‘फक्त रंग बदला की ओ!’

ज्यानं कुणी ‘एका क्लिकमध्ये फोटोंची वेबसाइट’ ही जाहिरात पहिल्यांदा केली, त्याला एकदा कोल्हापूरच्या राजारामपुरीत आणून बसवला पाहिजे. लग्नसराई नुकती संपलेली, हार्ड डिस्कवर आठशे फोटो, आणि शेजारच्या खुर्चीत फोटोग्राफर: “टेम्प्लेट (वेबसाइटचा तयार साचा) विकत घेतलंय, आता फक्त रंग बदला की ओ. दहा मिनिटांचं काम!” आणि गॅलरी धड दिसेपर्यंत त्या जाहिरातवाल्याला उठू द्यायचं नाही, बाहेर तांबडा-पांढरा वाढला तरी.

खोट तिथंच आहे. टेम्प्लेट तुमच्या फोटोंसाठी केलेलंच नसतं, ते डेमोतल्या बारा फोटोंसाठी केलेलं असतं. जरा बघा तो डेमो. सगळे फोटो आडवे, सगळे 3:2 (रुंदी:उंची), सगळे निळसर-राखाडी, आणि खाली एका शब्दाचं इंग्रजी नाव. असल्या फोटोंना कुठलीही चौकट शोभते. आपल्याकडचा माल काय? कॅमेऱ्याचे उभे फोटो, मोबाइलचे 4:3, मामानं स्टेटससाठी काढलेले 9:16, रंकाळ्याचा हातभर लांब पॅनोरमा, आणि दीड ओळीची मराठी नावं. हे सगळं ओतलं की टेम्प्लेटची शिवण उसवते. आणि त्याला म्हणायचं ‘कस्टमायझेशन’!

पहिला बळी फेट्याचा. 24 मेगापिक्सेलचा उभा फोटो म्हणजे 4000 बाय 6000. चौकोनी थंबनेल (फोटोची छोटी प्रत) मधोमध कापलं की वरून 1000 आणि खालून 1000 पिक्सेल जातात, म्हणजे वरचा सहावा हिस्सा साफ. नवरदेवाच्या उभ्या फोटोत त्या सहाव्या हिश्श्यात काय असतं? फेटा! पाच जणांनी मिळून बांधलेला फेटा एका ओळीच्या कोडनं उडवला, आणि टेम्प्लेटवाला पठ्ठ्या म्हणतो टेम्प्लेट रिस्पॉन्सिव्ह (कुठल्याही पडद्यावर नीट बसणारं) आहे.

यावर लोक काय करतात? सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) ऑब्जेक्ट-पोझिशनचे, म्हणजे चौकटीत चित्राचा कुठला भाग दिसावा त्याचे, आकडे फिरवत बसतात. 50 टक्के 20 टक्के, 50 टक्के 0. काही फरक पडत नाही आणि शिव्या ब्राउझरला. अरे, कात्री दोन ठिकाणी चालते. आधी सर्व्हरवर थंबनेल तयार होताना, मग चौकट भरण्यासाठी चित्र कापणाऱ्या ऑब्जेक्ट-फिट कव्हरमुळे पडद्यावर. कुठली कात्री लागली ते आधी बघा: चित्रावर राइट क्लिक करा, नव्या टॅबमध्ये उघडा, फाइलच्या नावाचं शेपूट बघा. 600x600 असं काही असेल आणि त्या चित्रातच फेटा नसेल, तर सीएसएस बापजन्मात तो परत आणणार नाही. फाइलमध्ये फेटा असेल आणि पानावर नसेल, तरच ऑब्जेक्ट-पोझिशनला हात घाला.

सर्व्हरची कात्री बदलायची तर वर्डप्रेसमध्ये (वेबसाइट चालवणारं सॉफ्टवेअर, टेम्प्लेटला तिथं थीम म्हणतात) ॲड इमेज साइझ या फंक्शनच्या कंसातली चौथी किंमत बघायची. तिथं नुसतं ‘ट्रू’ असतं, म्हणजे मधोमध काप. त्याजागी ‘सेंटर, टॉप’ अशी जोडी द्यायची, म्हणजे काप खालून जातो. पण थांबा, एवढ्यानं भागलं असतं तर रडगाणं कशाला लिहिलं असतं? चाइल्ड थीमची (मूळ थीमला हात न लावता तिच्यावर चढवलेल्या आपल्या थीमची) फंक्शन्स फाइल मूळ थीमच्या आधी लोड होते. तुम्ही तिथं उघड्यावर साइझ लिहिला की मागून मूळ थीम येते आणि त्याच नावाचा स्वतःचा साइझ वर चढवते. म्हणून तो ‘आफ्टर सेटअप थीम’ या हुकवर (आपला कोड अडकवायची ठरलेली जागा), 20 प्रायॉरिटीनं टाकायचा, म्हणजे मूळ थीमचं झाल्यावर आपला नंबर लागतो. हे मॅन्युअलात शोधायला कोण जातं? कुणीच नाही. आणि एवढं करूनही जुन्या फोटोंना काही होत नाही, कारण त्यांच्या फाइली आधीच कापून ठेवलेल्या असतात. थंबनेल रीजनरेट (नव्यानं तयार) करायचे, कमांड लाइन असेल तर तिथून, नसेल तर प्लगइननं, आणि वाट बघत बसायचं.

साइझचा विषय निघालाच आहे तर हिशेबही ऐका. वर्डप्रेस प्रत्येक मोठ्या फोटोच्या किती प्रती करतं? 150 चा चौकोन, 300, 768, 1024, 1536, 2048, आणि 2019 च्या 5.3 आवृत्तीपासून 2560 वर आणलेली ‘स्केल्ड’ प्रत. मूळ धरून आठ झाल्या. थीमनं आपले पाच साइझ घुसडले की तेरा. आठशे फोटोंचं एक लग्न म्हणजे 10,400 फाइली! स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर जागेआधी फाइलसंख्येची मर्यादा संपते आणि अपलोड मधेच आडवं होतं. मग फोटोग्राफरचा फोन येतो, “जागा तर शिल्लक दिसतीय की?” न लागणारे साइझ ‘इंटरमीडिएट इमेज साइझेस ॲडव्हान्स्ड’ या फिल्टरनं काढून टाका, आणि ते पहिला फोटो चढवायच्या आधी करा.

आता ती लाडकी मेसनरी मांडणी. उंच-बुटके फोटो विटांसारखे रचलेले, दिसायला लई भारी. बऱ्याच टेम्प्लेटांत ती सीएसएसच्या कॉलम-काउंटनं केलेली असते. कॉलम म्हणजे वर्तमानपत्राचे रकाने: पहिला वरून खाली भरला की दुसरा सुरू. तीस फोटो, तीन रकाने, तर वरच्या ओळीत नजरेला दिसतो फोटो क्रमांक 1, 11 आणि 21 किंवा त्याच्या आसपासचा. म्हणजे हळद, शेजारी मंगलाष्टका, त्याच्या शेजारी पाठवणी. सलामीलाच पोरगी रडवून सासरी धाडली! आणि मोबाइलवर एकच रकाना असल्यामुळं तिथं क्रम बरोबर दिसतो, म्हणून मोबाइलवर बघणारा फोटोग्राफर छातीठोक सांगतो, “माझ्याकडं तर बरोबर दिसतंय.”

क्रम महत्त्वाचा असेल तिथं कॉलम नकोच. ओळीत रचा. डिस्प्ले फ्लेक्स, रॅप चालू. प्रत्येक फोटोच्या डब्याला फ्लेक्स-ग्रो (उरलेल्या जागेतला वाटा) म्हणून रुंदी भागिले उंची हा आकडा द्या, आणि फ्लेक्स-बेसिस (सुरुवातीची रुंदी) म्हणून तोच आकडा गुणिले ओळीची उंची. ओळ 240 पिक्सेलची धरली तर 3:2 आडव्याला ग्रो 1.5 आणि बेसिस 360, उभ्याला 0.667 आणि 160. चित्राला रुंदी 100 टक्के, उंची ऑटो. फेटाही शाबूत, क्रमही शाबूत. शेवटच्या ओळीत एकटाच फोटो उरला तर तो फुगून अख्खं पान व्यापतो, म्हणून शेवटी सीएसएसच्या ‘आफ्टर’नं एक रिकामा घटक टाकून त्याला ग्रो 1000 द्यायचा. एवढं सोपं असून टेम्प्लेटवाले का देत नाहीत? कारण डेमोत गरजच पडत नाही!

ज्यांची मेसनरी जावास्क्रिप्टवर चालते त्यांचं दुखणं वेगळं. फोटो एकमेकांवर चढलेले दिसले की समजायचं, फोटो उतरायच्या आत उंची मोजली गेलीय. इमेज टॅगवर विड्थ आणि हाइट हे दोन आकडे घाला. लेझी लोडिंग (नजरेजवळ आल्यावरच फोटो उतरवणं) असेल तर घालाच घाला. पुढं.

रंग. हो, तोच तो ‘फक्त रंग’. जोतिबाच्या चैत्र यात्रेचे फोटो, डोंगरभर गुलाल. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पेटलेला गुलाबी, वेबसाइटवर धुऊन वाळत घातलेला. पार्श्वभूमी काळी करा, पांढरी करा, हेक्स कोड दहा वेळा बदला, काही होणार नाही. फोटो ॲडोबी आरजीबी या रंगपद्धतीत एक्स्पोर्ट केलेला असतो आणि सर्व्हरवर थंबनेल बनवणारी जीडी लायब्ररी कलर प्रोफाइल (रंगपद्धत सांगणारी नोंद) टाकून देते. प्रोफाइल गेली की ब्राउझर तो वेबच्या नेहमीच्या एसआरजीबी पद्धतीतला समजतो आणि रंग फिके पडतात. जीडीऐवजी इमॅजिक ही लायब्ररी असेल तर प्रोफाइल टिकते. आपल्या सर्व्हरवर दोघांपैकी कोण आहे? वर्डप्रेसच्या साइट हेल्थमध्ये, माहितीच्या पानावर, मीडिया हँडलिंगखाली लिहिलेलं असतं. पण सगळ्यात बिनधोक म्हणजे एक्स्पोर्ट करतानाच एसआरजीबी करा. हे फोटोग्राफरचं काम आहे, टेम्प्लेटवाल्याचं नाही, हे तेवढं फोटोग्राफरला सांगायचं कुणी?

अंबाबाईच्या किरणोत्सवाचे फोटो तर आणखी नाजूक. जवळजवळ सगळी चौकट अंधारी आणि मधे सोनेरी उजेडाचा पट्टा. वर्डप्रेस जेपेगच्या प्रती 82 क्वालिटीनं करतं, 4.5 आवृत्तीपूर्वी 90 होती. उन्हातल्या फोटोला 82 पुष्कळ झाले. अंधाराकडून उजेडाकडं जाणाऱ्या छटांत मात्र पायऱ्या-पायऱ्या दिसू शकतात. फिल्टरनं 90 करा आणि परत रीजनरेट. हो, परत.

आणि आता खरा संताप, मराठी. डेमोतली शीर्षकं पाश्चात्त्य फॉन्टात, अक्षरं लांब लांब पसरलेली. लेटर-स्पेसिंग असतं 0.1 ते 0.2 एम. देवनागरीला ते लागलं की शिरोरेघ तुटते आणि अक्षरं दात पडल्यासारखी दिसतात. लाइन-हाइट 1 किंवा 1.1, वर ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार दोन्ही छाटले. फॉन्टात देवनागरी नसतेच, मग ब्राउझर हाताला लागेल तो फॉन्ट उचलतो. विंडोजवर एक, ॲण्ड्रॉइडवर दुसरा. तिरक्या कॅप्शनसाठी देवनागरी इटॅलिक नसेल तर सरळ अक्षरंच ढकलून वाकडी करतो. इलाज ठरलेला आहे: मुक्ता, हिंद, बालू किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या. फॉन्टची फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवत असाल तर फक्त लॅटिन सबसेट (नुसत्या रोमन अक्षरांचा भाग) उतरवलेला नाही ना ते तपासा, हा घोळ हमखास होतो. लेटर-स्पेसिंग नॉर्मल, लाइन-हाइट किमान 1.5, इटॅलिक बंद. हेडर फाइलमध्ये भाषा ‘ईएन-यूएस’ अशी हातानं ठोकलेली असेल तर ती ‘एमआर’ करा. ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत मराठी वळणाचे ल आणि श त्यामुळंच येतात.

कार्डवरचं शीर्षक एका ओळीत, पुढं तीन टिंबं, ही आणखी एक इंग्रजी खोड. आपली शीर्षकं कशी असतात? ‘चि. अमुक तमुक व चि. सौ. कां. अमुक तमुक’. एका ओळीत नवरा मावतो आणि नवरी तीन टिंबांत जाते! व्हाइट-स्पेस नॉर्मल करा, दोन ओळींचा लाइन-क्लॅम्प लावा. वर्णन कापायला थीमनं पीएचपीचं साधं सबस्ट्रिंग वापरलं असेल तर देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं असल्यामुळं मधेच काप बसतो आणि शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन उमटतो. एमबी सबस्ट्रिंग त्यातल्या त्यात बरं, पण तेही अक्षर ठेवून काना-मात्रा कापू शकतं. सर्व्हरवर इंटल एक्स्टेन्शन असेल तर ग्राफीम सबस्ट्रिंगच वापरा. पानाचा पत्ताही मराठीतच ठेवायची हौस असेल तर एवढं ध्यानात ठेवा: वर्डप्रेसमध्ये त्याची जागा 200 अक्षरांची, आणि एन्कोड झाल्यावर देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रा धरून, नऊ अक्षरं खातं. बावीस चिन्हांत खेळ खलास. व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली तर टक्क्यांची चिन्हंच चिन्हं. स्लग (पत्त्यातलं पानाचं नाव) रोमनमध्ये हातानं लिहा, पब्लिश दाबायच्या आधी.

हे सगळं कुठं लिहायचं? मूळ थीममध्ये लिहिलं तर पुढच्या अपडेटला सफाचट, हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे: कस्टमायझरमधले (थीमचं रूप बदलायच्या पानावरचे) रंग, लोगो आणि ‘ॲडिशनल सीएसएस’ त्या त्या थीमच्या नावानं साठवलेले असतात. महिनाभर मूळ थीमवर काम करून मग शहाणपणानं चाइल्ड थीम चालू केली की सगळं कोरं दिसतं. म्हणून चाइल्ड थीम पहिल्याच दिवशी करा. तिच्या स्टाइल फाइलमधल्या ‘टेम्प्लेट’ ओळीत मूळ फोल्डरचं नाव अगदी तसंच, कॅपिटल-स्मॉलसकट. विंडोजवर चालतं म्हणून लिनक्सवर चालेल असं नाही. ब्लॉक थीम (अख्खं पान एडिटरमध्येच रचता येणारी थीम) असेल तर आणखी मजा: एडिटरमधून एकदा सेव्ह केलेलं टेम्प्लेट डेटाबेसमध्ये बसतं आणि तेच जिंकतं. तुम्ही फाइल कितीही बदला, पान ढिम्म. आधी एडिटरमध्ये जाऊन ते बदल रीसेट करा. आणि सीएसएस जोडताना व्हर्जनच्या जागी फाइलची बदललेली वेळ द्या, नाहीतर कॅश (ब्राउझरनं साठवलेली प्रत) जुनंच दाखवत राहील.

वर्डप्रेस नको म्हणून पिविगो हे फोटो गॅलरीचं सॉफ्टवेअर घेतलं तरी सुटका कुठली? तिथं टेम्प्लेट स्मार्टी या इंजिनाची, महिरपी कंसांवर चालणारी. कुणीतरी दिलेला, मोकळ्या जागा काढून दाबून बसवलेला जावास्क्रिप्टचा तुकडा तसाच चिकटवला की त्यातले कंस स्मार्टी आपले समजतं आणि अख्खं पान पांढरं. तो तुकडा ‘लिटरल’ टॅगमध्ये गुंडाळा, आणि तरी जुनंच दिसलं तर मेंटेनन्समधून कंपाइल केलेली टेम्प्लेटं पुसा.

शेवटचा प्रकार सगळ्यात संतापजनक. “मित्रानं पेन ड्राइव्हवर दिलंय, पेड टेम्प्लेट, फुकटात.” थीम फुकट, आणि तळाला पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत जुगाराच्या लिंका! चालू करण्याआधी अख्ख्या फोल्डरात इव्हॅल (मजकूर कोड म्हणून चालवणारं), बेस 64 डिकोड आणि जीझेड इन्फ्लेट (गुंडाळलेला मजकूर उलगडणारी) शोधा. नुसतं बेस 64 रास्त कोडमध्येही असतं, पण इव्हॅलच्या कंसात सापडलं की विषय संपला. साफ करत बसू नका. फोल्डर उडवा, आधीच चालू केली असेल तर ॲडमिन, एफटीपी आणि डेटाबेसचे पासवर्ड बदला, अनोळखी ॲडमिन युजर आहे का बघा, टेम्प्लेट मूळ जागेवरून पैसे देऊन घ्या. आणि मित्राचा आहेर त्याच पेन ड्राइव्हवरून साभार परत.