जोडपत्र क

माझ्या घरातली कोथिंबिरीची एक अख्खी जुडी, रबर बँडसकट, सध्या सोसायटीतल्या प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. खाली मजकूर : "फ्लॅट ३०४. न वापरता टाकलेले अन्न. कृपया विचार व्हावा." आणि त्यापुढे जोडलेले हात. हात जोडून केलेल्या अपमानाला पुण्यात अपमान म्हणत नाहीत, प्रबोधन म्हणतात.

सोसायटीतल्या तीन निवृत्तांनी ऊर्जा आणि कचरा बचतीचं पथक काढलं आहे. वीज खात्यातून सुपरिटेंडिंग इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले काका ("चीफच व्हायचो, पण ते जाऊ दे" हे वाक्य त्यांच्या हुद्द्याचाच भाग आहे), कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेल्या मॅडम, आणि बँकेतून निवृत्त झालेले अण्णा. अण्णांचा विजेशी संबंध बिल भरण्यापुरता आणि कचऱ्याशी तेवढाही नाही, पण नोंदी ठेवायला कुणीतरी लागतंच. तिघंही फुकट सेवा देतात आणि गोची तिथेच आहे. पैसे घेणाऱ्याला "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून कटवता येतं, फुकट येणाऱ्याला चहा करावा लागतो.

तर रविवारी पार्किंगमध्ये ताडपत्री अंथरून घरोघरच्या बादल्या ओतल्या गेल्या. ओला, सुका आणि घातक असं वर्गीकरण २०१६ च्या नियमांनी बंधनकारक केलं, हे मॅडमनी माइकवरून सांगितलं. माझ्या बादलीतून जुडी निघाली आणि तिच्यामागून पाव. तो पाव आदल्या दिवशीच बुरसला होता, त्यात माझा काय दोष? बाजूला कचरा न्यायला आलेल्या ताई उभ्या होत्या. वजनकाटा लागायच्या आधीच त्या म्हणाल्या, "हे तीनशे चारचं. त्ये पाव आनत्यात नुसता, खात न्हाईत." मॅडमनी ही माहिती मौलिक असल्याचं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पथक घरी. ऊर्जेच्या तपासणीसाठी.

काकांच्या हातात प्लगमध्ये खोचायचा मीटर होता. बंद टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सला त्यांनी तो जोडला आणि डॉक्टर नाडी बघताना गप्प होतात तसे गप्प झाले.

"अकरा वॅट."

"टीव्ही बंद आहे ना पण?"

"तुमच्यासाठी बंद आहे. त्याच्यासाठी नाही. वर्षाला शहाण्णव युनिटं जातात, कुणी काही न बघता."

"अकरा," अण्णा लिहिता लिहिता मोठ्यांदा म्हणाले, "अक्षरी अकरा वॅट फक्त."

मला वाटलं, गंमत करताहेत. नव्हते करत. पुढे तासभर प्रत्येक आकडा त्यांनी अक्षरी वदवला. पंखा पंच्याहत्तर वॅट फक्त. (तो बदलून बीएलडीसी मोटरचा घेतला तर तीसेक वॅटमध्ये तेवढंच वारं, हे काका. "तीसेक म्हणजे नक्की किती?" हे अण्णा.) मग काका गीझरकडे वळले.

"आंघोळीला किती पाणी घेता?"

"एक बादली."

"किती लिटरची?"

"निळी."

अण्णांनी "निळी" लिहून घेतलं.

"तापमान?"

"कडकडीत."

काकांनी चष्मा काढून पुसला. पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठपर्यंत न्यायला साधारण सहा दशांश युनिट लागतं. ते साठपर्यंत न्यायचं, पाइपात आणि टाकीत थोडं निववायचं, उरलेल्यात गार पाणी ओतायचं आणि मग अंगावर घ्यायचं, यामागचा विचार त्यांना समजून घ्यायचा होता. माझ्यापाशी विचार नव्हता. आंघोळ विचार करून करायची गोष्ट आहे, हे मला बावन्नाव्या वर्षी कळत होतं. बायको मात्र मागून म्हणाली, "काका, मी हेच सांगते केव्हाची." हे तिनं कधीही सांगितलेलं नाही. तिचं पाणी माझ्याहून कडक असतं.

"आणि फ्रीज?"

इथे मला जरा उभारी आली. "पंचतारांकित आहे."

"कधीचा?"

"२०११ चा."

"ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी वाढतात हो. त्या वेळचं पंचतारांकित म्हणजे आजच्या हिशेबात धर्मशाळा. नोट काढा."

"कसली?"

"दाराच्या रबराची परीक्षा. नोट दारात धरायची, दार लावायचं, ओढायची. अडली तर रबर चांगलं, सुळकन आली तर गार हवा बाहेर जातेय."

मी दहाची काढली. काकांना ती मळकी वाटली. विसाची मऊ पडते म्हणाले. शेवटी पाचशेची कोरी नोट माझ्या पाकिटातून निघाली. ती दारात जाणार, तेवढ्यात अण्णांचा हात मध्ये आला. त्यांनी नोट दिव्यासमोर धरली, तारेवरून नख फिरवलं, कड चाचपली आणि मान डोलावली. "खरी आहे." माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या ओट्याशी, माझ्या नोटेबद्दल. मग नंबर लिहून घेतला.

नोट सुळकन आली. वरून आली, खालून आली, बिजागरीपाशी जरा घुटमळली. काकांच्या चेहऱ्यावर शोक कमी आणि समाधान जास्त होतं. तेवढ्यात अण्णा सांगू लागले, की जास्त जोरानं ओढली असती आणि फाटली असती, तर तुकड्याचं क्षेत्रफळ मोजून बँक पूर्ण किंमत, अर्धी किंमत किंवा काहीच नाही, असं देते. त्यांच्या शाखेत एकदा उंदरानं कुरतडलेली गड्डी आली होती. ती गोष्ट बरीच लांब होती आणि चांगली होती, पण तोवर फ्रीजचं दार उघडंच होतं. मी ते लावायला गेलो तर काका म्हणाले, "थांबा, निरीक्षण चालू आहे."

मला यांची चेष्टा करायची नाही, म्हणजे करायची आहे, पण पूर्ण नाही. रिकामपणाचं या गावात सोनं झालेलं मी पाहिलं आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी साठीच्या सुमारास, १९९६ मध्ये, 'आरती' ही संस्था काढली. पुढे तिथे खरकट्यावर चालणारा घरगुती बायोगॅस तयार झाला आणि २००६ मध्ये त्यासाठी शाश्वत ऊर्जेचा ॲशडेन हा ब्रिटिश पुरस्कारही मिळाला. काका हे उदाहरण दर बैठकीत देतात. फक्त त्या संयंत्रात खरकटं टाकायचं असतं आणि आमचं पथक त्याचे फोटो काढतं, एवढाच फरक.

पण माझ्या पोटात दुखतं ते वेगळंच. पथक निघताना मी काकांना विचारलं, की आपली वरची टाकी रोज सकाळी भरून वाहते, त्याचं काय? पाच हॉर्सपॉवरचा पंप, म्हणजे पावणेचार किलोवॅट. टाकी तासभर वाहिली की माझ्या सेट-टॉप बॉक्सचे दोन आठवडे वाहून गेले. पार्किंगचे दिवे सकाळी दहापर्यंत जळतात. लॉबीत टांगलेलं झुंबर आहे, त्याखालून लोक फक्त लिफ्टकडे जातात.

काकांचा आवाज एकदम खाली आला. "तो कॉमन मीटर. कमिटीचा विषय." मग आणखी खाली. "टाकीच्या फ्लोटचा रिपोर्ट दिलाय मी. दोनदा. अध्यक्ष म्हणाले, आधी घरोघरी जागृती करा."

म्हणजे हे असं आहे. ज्याला विजेचं खरंच कळतं, त्याला झुंबराला हात लावायची परवानगी नाही. त्यानं माझ्या निळ्या बादलीत बोट घालायचं. कोथिंबिरीला अध्यक्ष घाबरत नाहीत, झुंबर त्यांच्या मेहुण्यानं बसवलं आहे. आणि ज्या ताईंना काट्याशिवाय कुठल्या घरचा कचरा ते कळतं, त्या डायपर आणि सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा म्हणून किती वर्षं विनवताहेत. त्यांच्यासमोर कुणी माइक धरलेला नाही. पथकाच्या उद्घाटनाला तिघांना शाल आणि नारळ मिळाला. ताईंना त्यांचे महिन्याचे पैसे मागायला आमच्या मजल्यावर तीन-तीन खेपा माराव्या लागतात. यात मी नाही. मी पहिल्या खेपेला देतो, हे कुणी ग्रुपवर टाकलेलं नाही.

परवा काका पुन्हा आले, एकटेच. फ्रीजच्या मेकॅनिकनं "रबर कोण बदलतं आता, साहेब, फ्रीजच बदला" असा सल्ला दिल्याचं मी बोललो होतो, ते त्यांना लागलं होतं. त्यांनी बायकोचा हेअर ड्रायर मागितला, खाली बसले आणि आकसलेलं रबर इंच-इंच गरम करून ओढत, दाबत बसवलं. ड्रायर बाराशे वॅटचा आहे, हे मी त्या वेळी काढलं नाही. अर्ध्या तासानं दार लागलं ते 'धप्' असं लागलं. गुडघे धरून उठताना काका म्हणाले, "मेकॅनिकला काय, नवीन विकायचाय."

चहा झाला. मग मी सहज म्हटलं, आता परत नोट लावून बघू या का? ती त्या दिवशीची, पाचशेची, तुमच्याकडेच राहिलीय बहुतेक.

"ती अहवालाला जोडली. जोडपत्र क," काका म्हणाले. "अण्णांनी टाचणी लावलीय. दुसरी काढा."