चिवडा संपला, एवढंच सांगायचं होतं

आमच्या वहिनी दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतात आणि घरातला कॉम्प्युटरवाला मी, म्हणून साइट माझ्या गळ्यात. टेलविंड घेतलं, म्हणजे वेगळी सीएसएस (सजावटीचा कोड) लिहीत बसायचं नाही, सजावटीची तयार छोटी नावं, म्हणजे क्लास, मिळतात, त्यांची माळ एचटीएमएलमध्येच, म्हणजे पानाच्या मूळ कोडमध्येच, ओवत जायची. पाच पदार्थ, पाच कार्ड, झकास दिसत होतं.

मग वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, चिवडा संपलाय, कोपऱ्यात लाल पट्टी टाका ना 'संपलं' म्हणून." दोन मिनिटांचं काम! अ‍ॅब्सोल्यूट, म्हणजे रांग सोडून सांगितलेल्या जागी बस, आणि टॉप-०, राइट-०, म्हणजे वरच्या आणि उजव्या कडेला चिकटून. अपलोड केलं आणि चहा टाकायला गेलो.

चहाला उकळी यायच्या आत फोन. "अहो भाऊजी, सगळंच संपलं का? लोक विचारतायत दुकान बंद केलं का म्हणून!"

बघतो तर पट्टी चिवड्याला सोडून अख्ख्या पानाच्या डोक्यावर, दुकानाच्या नावाशेजारी. म्हटलं चकलीवर टाकून बघू, तर काहीच बदल नाही. म्हणजे बदल झाला होता, दुसरी पट्टी बरोब्बर पहिलीच्याच जागी जाऊन बसली होती, मला एकच दिसत होती. लाडूवर टाकली तेव्हा तीन झाल्या.

तर हे अ‍ॅब्सोल्यूट नावालाच स्वतंत्र. टॉप-० कुणापासून मोजायचा हे विचारत ते वर वर जातं, आई, आजी, पणजी, आणि जिच्या अंगावर रिलेटिव्हसारखा क्लास आहे ती पहिली म्हातारी त्याला घरात घेते. आमच्या घराण्यात कुणाच्याच अंगावर नव्हता, मग ते थेट पानाला जाऊन चिकटलं. तीन तास गेले राव, आणि उत्तर काय, तर कार्डावर एक शब्द, रिलेटिव्ह.

पट्टी जागेवर आली. पण स्क्रोल केलं की वरच्या स्टिकी (स्क्रोल केलं तरी वरच चिकटून राहणाऱ्या) मेनूच्या डोक्यावरून चालत जायची. कोण कुणाच्या वर दिसणार हे झेडचा क्लास ठरवतो, मोठा आकडा वर. मेनूला झेड-९९९ दिलं, ढिम्म. टेलविंडच्या आमच्या जुन्या व्हर्जन ३ मध्ये झेडचा पाढा ५० लाच संपतो, आणि नसलेला क्लास लिहिला तर कुणी हूं का चूं करत नाही. झेड-५० दिलं, गप्प बसली.

आता थोडी हौस. पट्टी कार्डाबाहेर जरा डोकावली तर छान दिसेल म्हणून राइटला मायनस ४ दिलं, म्हणजे १६ पिक्सेल बाहेर. फोटोचे कोपरे गोल दिसावेत म्हणून त्याच कार्डावर मी ओव्हरफ्लो-हिडन, म्हणजे कडेबाहेर जाईल ते कापून टाक, लावलं होतं हे साफ विसरलो. अपलोड केलं.

"भाऊजी," वहिनींचा आवाज एकदम शांत, "चिवड्याने संप कधी पुकारला?"

'लं' कापला गेला होता.