आधी माणसं, मग पाइपलाइन

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोकसंख्येचा विषय वर्षातून दोनदा पेटतो. एकदा 11 जुलैला, जागतिक लोकसंख्या दिनाच्या निमित्तानं, आणि एकदा एप्रिल-मेमध्ये, पुण्यात बालेवाडीतल्या सोसायटीचं टँकरचं बिल आलं की. दादाचं मत पक्कं आहे: दोन मुलांचा कडक कायदा करा, नाहीतर या देशाचं काही खरं नाही. मामांचं नेमकं उलटं. डिसेंबर 2024 मध्ये सरसंघचालक मोहन भागवत नागपुरात म्हणाले की जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) 2.1 च्या खाली जाता कामा नये, म्हणजे घरटी तीन मुलं हवीत. तेव्हापासून मामांना जोर चढलाय. मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमधून दोघांचं वाचतो. इथे तेव्हा साडेतीन तास मागचं घड्याळ चालू असतं, त्यामुळे मी उठेपर्यंत भांडण निम्मं संपलेलं असतं.

माझं म्हणणं दोघांनाही आवडत नाही. मुलं किती व्हावीत यावरचं भांडण पुण्यापुरतं तरी कधीच निकालात निघालंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, भारताचा एकूण जननदर 2.0 होता आणि महाराष्ट्राचा 1.7. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला सुमारे 2.1 लागतो. दादाला हवा असलेला कायदा महाराष्ट्रातल्या बायकांनी कायद्याची वाट न बघता अमलात आणलाय. तोही आपल्याच अंगावर घेऊन: याच सर्वेक्षणात देशभरात नसबंदीची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांचं प्रमाण जवळजवळ 38 टक्के होतं, पुरुषांचं 0.3 टक्के. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी प्राध्यापकी गमावली, तिथून आपण इथवर आलो. मधे 1976 मध्ये याच महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर करून ठेवलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. सक्तीशिवाय, केवळ 'लहान कुटुंब' म्हणतानासुद्धा आपण काय केलं ते 2011 च्या जनगणनेनं दाखवलंय: महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 894 मुली. दोनच हवीत, पण त्यातला एक मुलगाच हवा, हा त्याचा अर्थ. कायदा मागणाऱ्यांनी हा आकडा आधी डोळ्यांसमोर ठेवावा.

तरी भारताची लोकसंख्या अजून तीस-चाळीस वर्षं वाढणारच. आज तरुण असलेल्यांची संख्याच एवढी मोठी आहे की त्यांनी घरटी दोनच मुलं होऊ दिली तरी बेरीज चढती राहते. संयुक्त राष्ट्रांचा अंदाज असा की 2060 च्या दशकात आपण 170 कोटींच्या आसपास पोचू आणि मग उतरू लागू.

मग पुणं एवढं का फुगलं? माणसं आली म्हणून. 2001 ते 2011 या दहा वर्षांत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या 30 टक्क्यांनी वाढली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची घटली. रत्नागिरीची तर जवळजवळ पाच टक्क्यांनी. आमचे बाबा साठच्या दशकात संगमेश्वराकडून पिंपरीला कारखान्यात लागले. त्यांच्यामागून दोन काका आले. गावच्या आळीत आज निम्म्या दारांना कुलूप असतं, गणपतीत तेवढं उघडतं. तेव्हा दादा जेव्हा 'बाहेरच्यांनी पुणं घाण केलं' म्हणतो, तेव्हा मी त्याला एवढंच विचारतो की आपण कुठल्या पेठेतले? (पेठेतले लोकही कोकणातूनच आले, पण ते काढलं की वाद पेशवाईपर्यंत जातो.)

आता माझ्या अंगणाकडे बघू. आइंडहोवनला चिपची यंत्रं बनवणाऱ्या एएसएमएल कंपनीमुळे जगभरातून इंजिनिअर येतात, त्यातले बरेच पुण्याचे. घरं महागली, भाड्यानं मिळेनात, आणि याला कोण जबाबदार तर आम्ही. 'देश भरला' हे इथल्या निवडणुकीतलं जुनं वाक्य आहे. आश्रयासाठी येणाऱ्यांच्या प्रश्नावरून 2023 मध्ये एक सरकार पडलं, 2025 मध्ये दुसरं. म्हणजे दादा हिंजवडीच्या सिग्नलला ज्यांच्यावर वैतागतो, अगदी तसाच मी इथल्या कुणाच्या तरी डोळ्यात खुपतो. ते मला समजतं. आठ वर्षं यादीत नाव लावून बसलेल्या डच माणसाला, काल आलेल्याला घर मिळालेलं बघून राग येणारच.

पण गर्दीचा हिशेब करून बघा. नेदरलँड्सनं 2024 मध्ये एक कोटी ऐंशी लाखांचा टप्पा ओलांडला. पाणी सोडून नुसती जमीन धरली तर चौरस किलोमीटरमागे 530 च्या वर माणसं. पुणे जिल्ह्यात 2011 मध्ये 603 होती. फार अंतर नाही. शिवाय या देशाचा चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली. एवढ्यात इथले लोक गायी पाळतात, फुलं पिकवतात आणि वर तक्रार करायला त्यांना वेळ उरतो.

फरक मला दिसला तो माझ्या घरामागच्या शेतात. तिथे नवी वस्ती होणार असं कळलं तेव्हा मी खिडकीतून बघत होतो. पहिल्यांदा आले ते चर खणणारे. दोन वेगळ्या नळ्या पडल्या, एक मैल्याची, एक पावसाच्या पाण्याची. मग पिण्याचं पाणी, वीज, फायबर. पावसाचं पाणी साठायला एक उथळ खड्डा, त्याच्या कडेला गवत. मग एक कच्चा रस्ता, ट्रकसाठी. घरं त्यानंतर. आणि पक्का विटांचा रस्ता सर्वांत शेवटी, म्हणजे ट्रकनी तो उखडायला नको. नव्या बांधकामाच्या आराखड्यावर इथे जलमंडळाचं मत घ्यावं लागतं. ही मंडळं तेराव्या शतकापासूनची आहेत, त्यांच्या स्वतंत्र निवडणुका होतात, आणि पावसाचं पाणी कुठे जिरणार हे आराखड्यात दाखवावंच लागतं.

बालेवाडीत उलटं. गाव पालिकेत येऊन पंचवीस वर्षं उलटली, टॉवर उभे राहिले, पण कितीतरी इमारतींना परवानगी मिळाली ती एका हमीपत्रावर: पालिकेचं पाणी पुरेसं मिळेपर्यंत पाण्याची सोय बिल्डर करेल. बिल्डर सोसायटी ताब्यात देतो, हमीपत्र फायलीत राहतं, आणि टँकर वहिनीच्या गळ्यात पडतो. ती कमिटीवर आहे. दहा हजार लिटरचा टँकर फाटकात आला की वॉचमन वर चढून झाकण उघडतो, पातळी बघतो, मगच व्हॉल्व्ह उघडू देतो. वहिनी वहीत गाडीचा नंबर, वेळ, कोणाची सही हे लिहिते. मागच्या सुट्टीत मी ती वही चाळली. मे महिन्याची पानं भरगच्च होती, एकेका दिवसात नऊ-नऊ नोंदी. हे पाणी येतं बोअरवेलमधून, म्हणजे शेजारच्याच जमिनीखालून, आणि आपल्या बोअरला पाणी का लागत नाही याचं उत्तर आपल्याच फाटकातून हॉर्न वाजवत आत येतं.

हे नुसतं गैरसोयीचं प्रकरण नाही. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गिलियन-बॅरे सिंड्रोमचे, रुग्ण वाढले. पोट बिघडवणारा कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू अंगात जातो, प्रतिकारशक्ती त्याच्याशी लढता लढता स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, हातपाय लुळे पडतात, काहींना व्हेंटिलेटर लागतो. संशय पाण्यावर गेला. हा पट्टा 2017 आणि 2021 मध्ये टप्प्याटप्प्यानं पालिकेत आला. गावं घेतल्यावर पुणे ही क्षेत्रफळानं राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली, पाचशे चौरस किलोमीटरच्या वर. हद्द एका अधिसूचनेनं वाढते. जलशुद्धीकरण केंद्र तसं वाढत नाही.

आणि किती माणसांसाठी वाढवायचं, हेही कुणाला धड माहीत नाही. आपल्या हातातला शेवटचा मोजलेला आकडा 2011 चा. पुणे शहर 31 लाख, पिंपरी-चिंचवड 17 लाख. 2021 ची जनगणना झालीच नाही; आता 1 मार्च 2027 ही संदर्भतारीख आहे. मधल्या काळात हिंजवडी-माण ते वाघोलीपर्यंत काय काय उभं राहिलं ते तुम्ही रोज बघताच. इथे आइंडहोवनला मी विमानतळावर उतरल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत नाव नोंदवणं बंधनकारक होतं. घर बदललं की पुन्हा नोंद. त्यामुळे कुठल्या गल्लीत किती शाळकरी मुलं आहेत हे नगरपालिकेला जनगणनेची वाट न बघता कळतं. आपल्याकडेही भाडेकरूची नोंद होते, पण पोलीस ठाण्यात. तिचा हेतू संशयिताला हेरण्याचा. त्या कागदांवरून कुणी कधी जलवाहिनीचा व्यास ठरवल्याचं मी ऐकलेलं नाही. वर मार्च 2022 नंतर वर्षानुवर्षं पुण्याला नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. तक्रार करायची तर कुणाकडे?

एवढं वाचून 'तिकडे सगळं छान' असा फोन मामांकडून येईल, म्हणून सांगतो. नेदरलँड्समध्ये सुमारे चार लाख घरं कमी आहेत. वीजवाहिन्या इतक्या भरल्यात की नव्या कारखान्यांना जोडणीसाठी रांगेत थांबावं लागतं. 2019 मध्ये इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठानं नायट्रोजनच्या प्रदूषणावरून निकाल दिला आणि हजारो बांधकामं अडकली. मुख्य कारण माणसं नव्हती, गुरं होती. एक कोटीच्या आसपास डुकरं आणि पस्तीस-चाळीस लाख गायीगुरं, त्यांच्या शेणामुताचा अमोनिया जंगलात उतरतो. शिवाय इथला एक माणूस वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो, तेवढ्यात तीन भारतीयांचं भागतं. त्यामुळे युरोपात बसून 'भारतात फार माणसं आहेत, पृथ्वीला झेपत नाही' असं कुणी म्हणालं की माझं डोकं सटकतं. मुळा-मुठेत मैला आपण सोडतो, ते पाप आपलं. पण हवेतल्या कार्बनचा हिशेब माणशीच मांडायला हवा.

म्हणून आकड्याला अर्थ नाही, असंही मी म्हणणार नाही. आपल्याकडच्या काही पुरोगामी मित्रांना लोकसंख्या हा शब्दच प्रतिगामी वाटतो. त्यांना मी खडकवासल्यावर घेऊन जाईन. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून साठवण 29 टीएमसीच्या, म्हणजे 29 अब्ज घनफुटांच्या, थोडी वर. पाणी तेवढंच राहणार. त्यातूनच पुण्यानं प्यायचं आणि त्यातूनच कालव्यानं दौंड-इंदापूरचा ऊस भिजवायचा. कालवा समितीच्या बैठकीत दरवर्षी तेच भांडण. शहर जितकं वाढेल तितकं ते खालच्याच्या ताटातलं घेणार.

डच सरकारनं हा प्रश्न सरळ एका आयोगापुढे टाकला: 2050 पर्यंत आपण किती व्हावं? जानेवारी 2024 मध्ये आयोगानं उत्तर दिलं, वाढ बेताची ठेवा, एक कोटी नव्वद लाख ते दोन कोटींच्या दरम्यान. या आकड्यावर इथे भरपूर टीका झाली, काहींना तो जास्त वाटला, काहींना कमी. मला त्यातली एक गोष्ट पटली. आयोगानं कुणाला किती मुलं व्हावीत हे विचारलं नाही. घरं, पाणी, डॉक्टर, शाळा आणि बाहेरून येणारे कामगार यांचा एकत्र हिशेब मांडला.

पुण्यासाठी असा आयोग नेमायचा तर त्यात इंदापूरचा शेतकरी हवा, हिंजवडीतली कंपनी हवी, रत्नागिरीच्या जिल्हा परिषदेचं कुणीतरी हवं, कारण तिथे उपजीविका असती तर आमचे बाबा कशाला आले असते? आणि पहिल्याच बैठकीत ते हमीपत्र बंद करण्याचा ठराव हवा. पाइपलाइन पोचली नसेल तर भोगवटापत्र नाही. बिल्डर ओरडतील, घरं महागतील, दादाचा फ्लॅट आणखी तीन वर्षं उशिरा मिळाला असता. तो याला तयार आहे का, हे मी त्याला विचारलं होतं. त्यानं निळी टिक उमटू दिली आणि मामांना उत्तर दिलं.