दादानं माफी किती वेळा मागायची?

इंदूरच्या रामबागेतला आमचा कट्टा म्हणजे पोहेवाल्याच्या गाडीशेजारची दगडी पायरी, रविवारी सकाळी साडेसातला मास्तर, वकील, मेडिकलवाला, मी आणि कधीमधी माझा बँकेतला भाचा एवढे जण हमखास. परवाच्या रविवारी जी जुंपली ती लिहून काढतोय कारण दोन दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये.

विषय दादाचा. दादा म्हणजे आमच्याकडचा केटरर, नाव लिहीत नाही, इथल्या मराठी घरांतल्या मुंजी, साखरपुडे, डोहाळजेवणं वर्षानुवर्षं त्याच्याच हातची. मागच्या उन्हाळ्यात त्याचं बिनसलं. दोन-तीन आठवडे धड झोप नाही, एकाच तारखेचे तीन-तीन अॅडव्हान्स घेऊन बसला, गरज नसताना नवा टेम्पो, रात्री दोनला लोकांना फोन की मी दुबईत ब्रँच काढतोय. आणि मग ते फेसबुक लाईव्ह. भटारखान्यात उभं राहून वीस मिनिटं वाट्टेल ते बोलला आणि पोळ्या करणाऱ्या मावशींना, ज्या चौदा वर्षं त्याच्याकडे आहेत, नाव घेऊन चोर म्हणाला. त्याच आठवड्यात मास्तरांच्या भाचीचा साखरपुडा, हॉलवर शंभर माणूस आणि जेवणाचा पत्ता नाही. शेवटी वहिनींनी आणि त्यांच्या भावानं त्याला बाणगंगेच्या मनोरुग्णालयात नेलं तेव्हा निम्मा रामबाग खिडकीत उभा होता.

आता तो परत आलाय आणि लाल कापडी बांधणीची वही घेऊन घरोघर जाऊन राहिलाय. माझ्याकडेही आला होता, माझे चार हजार होते त्याच्याकडे. ती वही मी जवळून पाहिली. डावीकडे नाव आणि रक्कम, ते ठीक, पण उजवीकडे एक रकाना त्यानं स्वतः आखलाय, 'काय केलं'. मास्तरांच्या ओळीत लिहिलंय, जेवण पोचलं नाही, ताईंनी बाहेरून पुरी-भाजी मागवली, मी सात फोन उचलले नाहीत. सात. मोजून लिहिलेत.

मास्तर म्हणाले, "पैसे मिळाले मला, पूर्ण मिळाले. पण नुसतं 'माझं चुकलं' म्हणतो. झालं काय होतं ते सांग ना! आजाराचं नाव सांग, डॉक्टरचा कागद दाखव. उद्या परत झालं तर आमची पोरंबाळं परत हॉलवर उपाशी बसायची का?"

भाचा म्हणाला, "आणि आजार होता म्हणजे सगळं माफ असंही चालणार नाही हां मामा. आजार मावशींनी नव्हता दिला त्याला."

हे भाच्याचं मला पटलं आणि मास्तरांचं अर्धंच पटलं, पण मी बोलायच्या आत वकील सुरू झाले. म्हणाले, "कागद तो दाखवणार नाही आणि तुम्ही मागूही नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा, मे २०१८पासून लागू, त्यात कलम २३ आहे, माणसाच्या अशा आजाराची माहिती गुप्त राहणं हा त्याचा हक्क आहे. दवाखान्यानंही सांगायची नाही, मग त्यानं तरी पोह्याच्या गाडीवर का सांगावी?" आणि पुढे जे म्हणाले ते मला नवीनच होतं. करार कायद्यात, १८७२चा आहे तो, कलम १२ असं आहे की एरवी शुद्धीवर असणारा माणूससुद्धा भान हरपलेलं असताना करार करू शकत नाही. म्हणजे दादाला भांडायचंच असतं तर त्या आठवड्यांतले सौदे सौदेच नव्हते असं तो म्हणू शकला असता, पुढे कोर्टानं काय ठरवलं असतं ते ठरवलं असतं. "पण तसं झालं असतं तरी कलम ६५ आहेच, करार रद्द निघाला तरी त्यापायी घेतलेलं परत करावं लागतं. तो वकिलाकडे गेलाच नाही, सरळ वही घेऊन तुमच्या दारात आला, एवढं तरी बघा मास्तर."

मास्तर गप्प बसणाऱ्यातले नाहीत. "अहो पण त्याचा हात थरथरतो. परवा चहाची कपबशी धरली तर बशीत निम्मा चहा. पिऊन राहिला असेल, दुसरं काय?"

इथं मेडिकलवाला भडकला, त्याला मी इतका चिडलेला कधी पाहिला नव्हता. म्हणाला, "माझ्याकडून कोण काय औषध नेतो हे मी माझ्या बायकोलाही सांगत नाही, तेव्हा दादाबद्दल मी बोलत नाहीये. पण हात थरथरायला दारूच लागते का? लिथियम म्हणून औषध आहे, मूड एकदम वर जातो मग एकदम खाली येतो त्या आजारात देतात, १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या एका डॉक्टरनं त्याचा हा उपयोग शोधून काढला, आजही तेच वापरात आहे. त्यानं खूप जणांच्या बोटांना बारीक थरथर येते. वेळोवेळी रक्त तपासून पातळी बघावी लागते, कमी पडलं तर उपयोग नाही आणि जास्त झालं तर विष. अंगातलं पाणी कमी झालं की पातळी चढते, मीठ एकदम तोडलं तरी चढते, दुखण्यावरच्या काही साध्या गोळ्यांनीही चढते. असा माणूस मे महिन्यात भट्टीपुढे उभा राहत असेल तर त्याला दिवसभर घोट घोट पाणी पीत राहावं लागतं, कंबर दुखली तरी मनानं गोळी घेता येत नाही. आणि लोक लांबून बघून म्हणतात पितोय!"

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मास्तरांनी पोह्यांवर परत जीरावन मसाला टाकून घेतला, प्लेटमध्ये आधीच होता तरी.

मग मी मावशींचं सांगितलं, कारण ते इतरांना अर्धवटच माहीत होतं आणि माझ्या बायकोनं समोर पाहिलंय. दादा आधी मावशींच्या घरी गेला, थकलेला पगार दिला, पाया पडला. मावशींनी पगार मोजून घेतला आणि म्हणाल्या, "भाऊ, चोर म्हणालात ते सगळ्या गावासमोर आणि माफी मागताय माझ्या स्वयंपाकघरात?" बस, एवढंच. दादा परत गेला. पुढच्या आठवड्यात एका घरची मुंज होती, परत आल्यावर मिळालेलं पहिलंच काम. पंगत बसलेली, वाढप चाललेलं, दादानं झारा खाली ठेवला, मधोमध आला आणि म्हणाला, मी मावशींना चोर म्हणालो होतो, त्यांनी कधीच काही घेतलं नाही, ते खोटं होतं, ते मी बोललो. आजाराचा शब्द काढला नाही. मी भानावर नव्हतो असंही म्हणाला नाही, जे खरंच होतं. मावशी आत पोळ्या लाटत होत्या, बाहेर आल्या नाहीत, पण बायको सांगते की लाटणं थांबलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी कट्ट्यावरही जोरात मांडलं. पैसे तो देणं लागतो, शब्द देणं लागतो, आणि जितक्या लोकांसमोर बोलला तितक्यांसमोर परत घेणं लागतो. त्याच्या आजाराचा कागद तो कुणालाच देणं लागत नाही. मास्तरांना माफ करायचं नसेल तर नका करू, तो त्यांचा हक्क, भाची हॉलवर रडली ते दादाच्या वहीनं पुसलं जाणार नाही. पण माफीच्या बदल्यात त्याची फाईल मागू नका.

मास्तर म्हणाले, "ते राहू दे, तो व्हिडिओ तुला कुणी पाठवला होता?"

मास्तरांनीच पाठवला होता. आणि मी पुढे तीन ग्रुपवर टाकला होता, घरच्या, सोसायटीच्या आणि शाळेच्या बॅचच्या, खाली हसरे चेहरे लावून. दादानं दवाखान्यात जायच्या आधीच काढून टाकला होता तो, पण तोवर कुणीतरी उतरवून घेतला होता. त्याची मुलगी आमच्या सोसायटीतल्या पोरींबरोबर क्लासला जाते. तिनं तो आपल्या बापाच्या फोनवर नाही पाहिला, आमच्यासारख्यांच्या फोनवर पाहिला. कट्ट्यावर पाच जण होतो, पाचही फोनांत तो होता. मेडिकलवाल्याच्यासुद्धा. तिथंच बसून एकेकानं काढून टाकला, मास्तरांना कसा काढायचा ते सापडेना तर भाच्यानं काढून दिला.

घरी येऊन मी तिन्ही ग्रुपवर लिहिलं की तो व्हिडिओ मी टाकला होता, टाकायला नको होता, कुणाकडे असेल तर कृपया डिलीट करा. सोसायटीच्या ग्रुपवर दोघांनी हात जोडले. घरच्या ग्रुपवर कुणीच काही म्हटलं नाही. बॅचच्या ग्रुपवर रात्री एकाचा मेसेज आला, "कोणता रे व्हिडिओ? परत पाठव ना." त्याला फोन लावला आणि पाऊण तास बोललो.